अपघात विभागाच्या दारातला गुप्तरोगी

रुग्णालयाचा अपघात विभाग हा मोडलेल्या हाडांसाठी, भाजलेल्या देहांसाठी आणि थांबू पाहणाऱ्या हृदयांसाठी असतो, अशी आपली समजूत आहे आणि ती चुकीची नाही. परंतु त्या विभागाच्या बाकावर रात्री-अपरात्री असाही एखादा मनुष्य येऊन बसतो, की ज्याला आपली व्यथा केसपेपर लिहिणाऱ्या कारकुनाला मोठ्याने सांगता येत नाही. ‘लघवीला जळजळ होते’ एवढेच तो सांगतो. पू येतो, जखम आहे, हे शब्द डॉक्टरांच्या टेबलाशी पोचेपर्यंत तो गिळून ठेवतो. स्त्री असेल तर ‘ओटीपोटात दुखते’ एवढ्यावरच थांबते. डॉक्टर तरुण असतात, शेजारच्या खाटेवर रक्तबंबाळ रुग्ण असतो, आणि मग ठरलेले वाक्य येते : ‘ही काही इमर्जन्सी नाही, सकाळी ओ.पी.डी.ला या.’

वाक्य वाजवी वाटते. अपघात विभागातील डॉक्टरचा वेळ ही दुर्मीळ वस्तू आहे आणि दुर्मीळ वस्तू जपून वापरावी, हे अर्थशास्त्राच्या अध्यापकाला कोणी सांगावयास नको. तरीही हे वाक्य हिशेबाच्या कसोटीवर टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण सकाळी तो मनुष्य येत नाही. तो औषधाच्या दुकानात जातो, ‘गुप्तरोगावर हमखास इलाज’ असे भिंतीवर रंगवणाऱ्याकडे जातो, किंवा कोठेच जात नाही आणि घरी जातो. रोग मात्र त्याच्याबरोबर घरी जातो.

तो सकाळी का येत नाही? येथे अज्ञानाकडे बोट दाखवण्याची आपल्या सुशिक्षित वर्गाला सवय आहे. परंतु ज्याला हाताबाहेर गेलेली जळजळ मध्यरात्री रुग्णालयापर्यंत घेऊन आली, त्याला आपल्याला वैद्याची गरज आहे हे कळलेले असते. त्याचे अडते ते किमतीपाशी. शासकीय रुग्णालयात केसपेपरची फी नाममात्र असते किंवा नसतेच, म्हणून उपचार फुकट आहे असे आपण धरून चालतो. वस्तुतः कोणत्याही सेवेची किंमत तीन नाण्यांत मोजावी लागते : पैसा, वेळ आणि नाव. बाह्यरुग्ण विभाग सकाळी उघडतो आणि दुपारी मिटतो. नाक्यावर उभे राहून रोजगार मिळवणाऱ्या बिगाऱ्याची नेमकी तीच वेळ मजुरीची. रांग, तपासणी, पुन्हा रिपोर्टची रांग यांत त्याचे दोन दिवस बुडतात. घरकाम करणाऱ्या बाईला रजा मागताना कारण सांगावे लागते. आणि तिसरे नाणे सर्वांत जड. ‘त्वचा व गुप्तरोग विभाग’ अशी पाटी ज्या खोलीवर लावलेली आहे, त्या खोलीसमोरच्या बाकावर बसणे म्हणजे आपल्या रोगाचे नाव गळ्यात अडकवून बसणे होय. गावातला कोणी भाच्याचे खरूज दाखवावयास आलेला असला तर संपलेच. याउलट अपघात विभाग रात्री उघडा असतो, मजुरी बुडत नाही, आणि तेथे सगळ्याच प्रकारचे लोक येत असल्यामुळे गर्दी हाच पडदा होतो. तात्पर्य, त्या माणसाने तीन दारांच्या किमती ताडून पाहिल्या आणि त्यांतले स्वस्त दार निवडले. यात अविचार कोठे आहे?

ही निवड केवळ आपल्याकडच्या गरिबाची नाही. जगातील सर्वांत श्रीमंत देशात हाच प्रकार घडला आणि त्याचे दस्तऐवज भरपूर उपलब्ध आहेत, म्हणून थोडे अमेरिकेकडे वळणे इष्ट होईल.

अमेरिकेत 1986 साली एक कायदा झाला. मेडिकेअर या शासकीय विमायोजनेचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने आपल्या तातडीच्या विभागात येणाऱ्या कोणालाही, त्याची ऐपत न पाहता, तपासले पाहिजे आणि प्रकृती धोक्यात असल्यास ती स्थिर केली पाहिजे, असा तो कायदा. वैद्यकीय सेवा ही विमा असणाऱ्याने विकत घेण्याची वस्तू मानणाऱ्या त्या देशात कायद्याने सर्वांसाठी उघडे ठेवलेले दार बव्हंशी हे एवढेच. साहजिकच ज्यांना दुसरे दार नव्हते ते सारे या दारात आले. त्यांत विमा नसलेले होते. पण विमा असलेले तरुणही होते. 2010 च्या आरोग्य कायद्याने सव्वीस वर्षांपर्यंतच्या मुलांना आईबापांच्या विम्यावर राहण्याची सोय केली, ती चांगलीच झाली. परंतु विमा कंपनी कोणत्या सेवेसाठी किती रक्कम दिली याचे पत्रक विमेदाराच्या, म्हणजे बापाच्या, नावाने घरी पाठवते! मुलगा मग विम्याचे कार्ड खिशात ठेवून कुठल्या तरी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जातो. नावाची किंमत श्रीमंत देशातही चुकत नाही ती अशी.

पूर्वी त्यांच्याकडे दुसरे दार होते. महामंदीच्या काळात सर्जन जनरल थॉमस पॅरन यांनी ‘सिफिलिस’ हा शब्द वर्तमानपत्रांतून आणि नभोवाणीवरून उघडपणे उच्चारावयास लावला, आणि 1938 च्या कायद्याने संघराज्याच्या पैशातून गुप्तरोगांचे सार्वजनिक दवाखाने उभे राहिले. पुढे पेनिसिलिन आले. 2000 साली त्या देशात प्राथमिक व दुय्यम अवस्थेतील सिफिलिसचे अवघे 5,979 रुग्ण नोंदले गेले. 1941 साली अशी नोंद सुरू झाल्यापासूनचा तो नीचांक होता. रोगाचे समूळ उच्चाटन करण्याची राष्ट्रीय योजना त्याआधीच्या वर्षी जाहीरही झाली होती. आणि मग तेच झाले जे यशस्वी सार्वजनिक कार्यक्रमांचे नेहमी होते. रोग दिसेनासा झाला म्हणून पैसा आटला. 2008 च्या मंदीनंतर तर अनेक स्थानिक दवाखान्यांची वेळ कापली गेली, कित्येक बंद झाले, ज्यांनी पूर्वी फुकट तपासले त्यांनी फी लावली. 2023 साली सर्व अवस्थांतील सिफिलिसचे 2,09,253 रुग्ण नोंदले गेले. 1950 नंतर एवढा आकडा त्या देशाने पाहिला नव्हता.

या आकड्यातील प्रौढांविषयी नीतिमत्तेची चर्चा ज्यांना करावयाची असेल त्यांनी ती खुशाल करावी. पण आणखी एक आकडा आहे. आईकडून गर्भाला सिफिलिस होऊन जन्मलेल्या वा मृत जन्मलेल्या बालकांची संख्या 2012 साली 335 होती. 2023 साली ती 3,882 झाली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2022 मधील अशा घटनांची छाननी केली तेव्हा दहांपैकी जवळजवळ नऊ घटना वेळेवर तपासणी आणि उपचार झाले असते तर टळल्या असत्या, असा निष्कर्ष निघाला. उपचार म्हणजे तरी काय? रोग लवकरच्या अवस्थेत असेल तर बेंझाथिन पेनिसिलिनचे 24 लाख युनिटांचे एकदा टोचावयाचे औषध. जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीनदा. औषध सत्तर वर्षांहून अधिक जुने, स्वस्त, आणि या रोगापुरते आजही अचूक. गर्भवतीच्या बाबतीत तर त्याला पर्याय नाही.

केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांनी व्यवहाराबाहेरच्या तिसऱ्या माणसावर पडणाऱ्या भाराचा सिद्धांत मांडला, त्याला शंभर वर्षे होऊन गेली. धूर सोडणारी गिरणी आणि शेजाऱ्याचे काळे झालेले कपडे हे उदाहरण आम्ही वर्गात देतो. सांसर्गिक रोगाचे उदाहरण त्याहून स्पष्ट आहे. जो रुग्ण बरा होतो त्याचा लाभ त्याला थोडा आणि इतरांना पुष्कळ. म्हणून उपचाराची किंमत त्याच्या एकट्याच्या ऐपतीवर आणि धैर्यावर सोडली तर समाजाला हवा तितका उपचार घडूनच येत नाही. दारातून परत पाठवलेल्या रुग्णावर आपण जे वाचवले असे मानतो, ते दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर टाकलेले असते. ज्या बालकाच्या खात्यावर ते पडते, त्याने कोणतेही पाप केलेले नसते.

सिडनहॅम साहेबांचा अहवाल

हे शहाणपण नवे नाही, आणि त्याचा एक धागा चक्क मुंबईपाशी येतो. 1907 ते 1913 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले सर जॉर्ज क्लार्क मराठी माणसाला आठवतात ते लोकमान्यांना मंडाले दाखवणारा साहेब म्हणून. त्यांच्या पुढील उमरावी नावाने, म्हणजे सिडनहॅम या नावाने, मुंबईत 1913 साली वाणिज्य आणि अर्थशास्त्राचे महाविद्यालय निघाले. तेच लॉर्ड सिडनहॅम विलायतेस परतल्यावर त्याच वर्षी नेमल्या गेलेल्या गुप्तरोगविषयक शाही आयोगाचे अध्यक्ष झाले. आयोगाचा अहवाल 1916 साली आला आणि त्यावरून निघालेल्या नियमांनी ब्रिटनमध्ये गावोगावच्या रुग्णालयांत मोफत व गोपनीय उपचार सुरू झाले. कोणीही यावे, कोठलाही रहिवासी असो. खर्चाचे पंचाहत्तर टक्के मध्यवर्ती सरकारने द्यावेत, पंचवीस टक्के स्थानिक संस्थेने. दुसऱ्याच वर्षी, 1917 साली, अपात्र माणसांनी हे रोग बरे करण्यावर आणि तशा जाहिरातींवर कायद्याने बंदी आली.

ज्या साहेबाला आपण दडपशाहीसाठी ओळखतो त्याच्या आयोगाने एवढी व्यवहारी गोष्ट सुचवावी, याची मौज वाटते. तिचे कारण त्यांच्या पूर्वसूरींचा अनुभव असावा. भारतात 1868 साली आलेल्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने वेश्यांची नोंदणी, सक्तीची तपासणी आणि रोगी ठरलेल्या स्त्रीला रुग्णालयात कोंडणे असा मार्ग पत्करला होता. गोऱ्या सैनिकाचे आरोग्य हा हेतू. सैनिकाला तपासणी नाही, स्त्रीला मात्र कोंडवाडा. स्त्रिया नोंदणी टाळू लागल्या, पळू लागल्या, आणि 1888 साली तो कायदा मागे घ्यावा लागला. सक्तीने आणि बदनामीने रोग लपतो, हा त्या वीस वर्षांचा धडा. पुढे आपल्याकडे तो धडा पोटतिडकीने सांगणारा मनुष्य झाला तो म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली तरी 1927 पासून मृत्यूपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. त्यांच्यावर खटले भरणाऱ्या समाजाचेच आपण वारस आहोत, याचा प्रत्यय आजही रुग्णालयाच्या खिडकीशी येतो.

स्वतंत्र भारताला वारसा मिळाला तो अगदीच रिकामा नव्हता. 1946 साली गुप्तरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. 1992 साली तो एड्स नियंत्रणाला जोडला गेला. त्यातून शासकीय रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाची केंद्रे निघाली. देशभरात ती हजाराहून अधिक आहेत. प्रयोगशाळेची वाट न पाहता लक्षणांवरून औषध द्यावे म्हणून सात रंगांची औषधांची पाकिटे तयार झाली : पू येत असल्यास करडे, जखमेला पांढरे, ओटीपोटाच्या दुखण्याला पिवळे. कल्पना उत्तम होती. नावही विचारपूर्वक ठेवलेले होते. ‘गुप्तरोग’ हा शब्द त्यात नाही. परंतु ही केंद्रे सर्वसाधारणपणे बाह्यरुग्ण विभागाच्या वेळात चालतात, आणि रात्री नऊ वाजता ते पाकीट कुलपात असते.

दाराच्या आत काय घडते?

अमेरिकेतील तातडीच्या विभागांनी या रुग्णांना दारात घेतले खरे, पण दार उघडे असणे आणि उपचार मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नमुना घेतला जातो, तो प्रयोगशाळेत जातो, आणि रिपोर्ट येईपर्यंत रुग्ण कधीच घरी गेलेला असतो. तेव्हा डॉक्टरांपुढे दोनच मार्ग उरतात. अंदाजाने औषध द्यावे, तर ज्याला रोग नाही त्यालाही प्रतिजैविक मिळते. न द्यावे, तर ज्याला रोग आहे तो औषधावाचून जातो आणि त्याने दिलेला दूरध्वनी कोणी उचलत नाही. परम्याचे जंतू औषधांना झपाट्याने दाद देईनासे होत चालले आहेत, म्हणून अंदाजाची किंमत वाढत आहे. एकेकाळी सर्रास दिली जाणारी सिप्रोफ्लोक्सासिनची गोळी अमेरिकेने 2007 साली या रोगासाठी बाद केली. आपल्याकडे ती आजही दुकानाच्या काउंटरवरून चिठ्ठीवाचून सहज मिळते, हे येथे नोंदवलेले बरे.

स्त्रियांची गोष्ट अधिक गंभीर आहे. क्लीव्हलँड येथील एका तातडीच्या विभागातील स्त्री-रुग्णांची पाहणी 2015 साली प्रसिद्ध झाली. मूत्रमार्गाचा दाह असे निदान ज्यांचे झाले होते, त्यांतील सुमारे निम्म्या स्त्रियांच्या मूत्राच्या तपासणीत त्या दाहाचे जंतू वाढलेच नाहीत. आणि ज्यांना खरोखरच लैंगिक संसर्ग होता त्यांतील पुष्कळ जणी त्या संसर्गाच्या औषधावाचून घरी गेल्या. ‘लघवीची जळजळ’ हा शब्द दोन्ही रोगांना पुरतो. रुग्ण संकोचाने अधिक बोलत नाही, डॉक्टर संकोचाने वा घाईने अधिक विचारत नाहीत. त्यातून क्लॅमायडियासारखा रोग स्त्रीत बहुधा मुकाच असतो. तो बोलतो तो काही वर्षांनी, मूल होत नाही म्हणून दवाखाने हिंडताना किंवा गर्भ नलिकेत राहून ती फुटते तेव्हा. त्या वेळी ती अपघात विभागात पुन्हा येते, आणि ‘ही इमर्जन्सी आहे का’ असे तेव्हा कोणी विचारत नाही.

या अडचणींवर मार्ग सापडत नाही असे नाही. शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयाने 2019 पासून तातडीच्या विभागात एचआयव्हीबरोबर सिफिलिसचीही तपासणी नेहमीच्या रक्ततपासणीत घातली. हात मोडून आलेला, ताप घेऊन आलेला, ज्याचे रक्त तसेही घ्यावयाचे आहे अशाचे आणखी थोडे रक्त. नको असेल तर त्याने नाही म्हणावे. ज्यांना कोणतेच लक्षण नव्हते आणि जे वेगळ्याच कारणासाठी आले होते असे अनेक रोगी त्यातून हाती लागले. यातील युक्ती वैद्यकीय कमी आणि सामाजिक अधिक आहे. सर्वांचीच तपासणी होते तेव्हा तपासणीचा कलंक कोणालाच लागत नाही.

जोडीदाराचा प्रश्न उरतोच. एकाला बरे करून घरी पाठवले आणि दुसऱ्याला रोग तसाच राहिला तर महिन्याभरात पहिला पुन्हा दारात हजर. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2006 पासून रुग्णाच्या हातीच जोडीदाराचे औषध देण्याची पद्धत मान्य केली आहे. जोडीदार शोधणारे खास कर्मचारीही तेथे आहेत, किंबहुना होते असे म्हणावयास हवे. कारण त्यांच्यासाठी मंजूर झालेल्या रकमेतील सुमारे 40 कोटी डॉलर 2023 च्या कर्जमर्यादेच्या तडजोडीत परत घेतले गेले. त्याच वर्षी त्या देशात बेंझाथिन पेनिसिलिनची टंचाई होऊन ते गर्भवतींसाठी राखून ठेवावे लागले. औषध स्वस्त म्हणून नफा थोडा, नफा थोडा म्हणून उत्पादक मोजके, आणि मागणी वाढताच दुकान रिकामे. बाजार सारे काही पुरवील असे सांगणाऱ्या आमच्या काही व्यवसायबंधूंनी या एका बाटलीचा अभ्यास अवश्य करावा.

आपल्या दाराचे काय?

अमेरिकेचे अनुकरण करा असे मला म्हणावयाचे नाही. ज्या उपचाराला एक सुई पुरते त्यासाठी शेकडो डॉलरचे बिल फाडणारी व्यवस्था कोणी आदर्श म्हणून घेऊ नये. परंतु अपघात विभागातील उपचार महाग असतो, हा त्यांच्याकडचा आक्षेप आपल्याकडे उचलला जातो तेव्हा सरासरी खर्च आणि सीमान्त खर्च यांची गल्लत होते. जिल्हा रुग्णालयाचा अपघात विभाग रात्रभर उघडा असतो. दिवे, परिचारिका, डॉक्टर, प्राणवायू यांचा खर्च तो रुग्ण आला तरी होतो आणि न आला तरी होतो. त्याच्यामुळे वाढणारा खर्च म्हणजे एक पाकीट, एक सुई आणि परिचारिकेची पंधरा-वीस मिनिटे. या वाढीव खर्चासमोर एक वाचलेले मूल किंवा न फुटलेली नलिका ठेवून पाहावी.

वेळेचा आक्षेप मात्र खरा आहे. निवासी डॉक्टर अपुरे आहेत, एकेकाच्या अंगावर किती रुग्ण असतात हे आपण त्यांच्या संपांच्या वेळी वाचतो, आणि हृदयविकाराच्या रुग्णाला परम्याच्या रुग्णासाठी ताटकळत ठेवावे असे कोणीही म्हणणार नाही. त्या माणसाला थांबू द्या. तो दोन तास थांबेल, थांबण्याच्या तयारीनेच तो आलेला असतो. त्याला पाठवू नका, एवढीच मागणी आहे. लक्षणांवरून पाकीट देण्याची पद्धत प्रशिक्षित परिचारिकेला शिकवता येते. सिफिलिस आणि एचआयव्ही या दोहोंची बोटाच्या थेंबावर होणारी जलद तपासणी आता उपलब्ध आहे आणि तिला वीसेक मिनिटांहून अधिक लागत नाहीत.

शिवाय एका बाबतीत अपघात विभाग हे या उपचाराचे गैरसोयीचे नव्हे, तर सर्वांत योग्य स्थान आहे. पेनिसिलिनची ‘रिअॅक्शन’ येऊन मनुष्य दगावेल या भीतीने आपल्याकडचे कित्येक खाजगी डॉक्टर बेंझाथिन पेनिसिलिन टोचतच नाहीत. गोळ्या लिहून मोकळे होतात. अशी प्रतिक्रिया विरळा असली तरी भीती निराधार नाही. तिच्यावरचा तत्काळ इलाज अॅड्रेनालिन हा आहे, आणि ते भरून तयार ठेवलेले, श्वास थांबला तर काय करावयाचे हे माहीत असलेली माणसे चोवीस तास हजर असलेले ठिकाण सर्वसाधारण गावात एकच असते. शल्यचिकित्सकांनी मनावर घेतले तर तालुक्यातील खाजगी डॉक्टरदेखील आपले रुग्ण या एका सुईसाठी तेथे पाठवू शकतील.

काही रुग्णांच्या बाबतीत तर तातडीचा वादच निरर्थक आहे. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याची औषधे संबंधानंतर 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. शनिवारी रात्री आलेल्याला ‘सोमवारी या’ म्हणणे म्हणजे ती मुदत जवळजवळ संपवणे. बलात्कारित स्त्रीवर प्रत्येक रुग्णालयाने, सरकारी असो वा खाजगी, तत्काळ व मोफत उपचार केले पाहिजेत हे 2013 पासून कायद्यातच आहे. अठरा वर्षांखालील मुलामुलींचा प्रश्न सर्वांत बिकट. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे डॉक्टरला पोलिसांना कळवावे लागते, आणि हे ठाऊक असलेली सतरा वर्षांची मुलगी दारापर्यंत येतच नाही. गर्भपाताच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली अशा मुलीची ओळख उघड न करण्याची मुभा डॉक्टरांना दिली. संसर्गाच्या उपचारासाठी तशीच वाट काढण्याचा विचार शासनाने का करू नये?

आणि बीडकडून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघणाऱ्या जोडप्यांकडे पाहावे. गर्भवती बाईचे नाव गावच्या आरोग्य केंद्रात नोंदले जाण्याच्या सुमारास ती कारखान्याच्या फडावर, कधी कर्नाटकातही, पोचलेली असते. तिची प्रसूतिपूर्व रक्ततपासणी कोणाच्याच वहीत बसत नाही. पोटात दुखू लागले म्हणून ती ज्या दारातून रुग्णालयात शिरते, ते दार बहुधा रात्रीचे असते. त्या एका भेटीत बोटाचा थेंब घेतला नाही, तर दुसरी भेट होईलच याचा भरवसा नाही.

1996 साली सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराच्या प्रकरणात, शासकीय रुग्णालयाने तातडीचा उपचार नाकारणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमाचा भंग होय, असा निर्णय दिला. गाडीतून पडलेल्या त्या मजुराला कलकत्त्याच्या एकामागून एका रुग्णालयाने जागा नाही म्हणून परत पाठवले होते. त्या निर्णयातील ‘तातडी’ची व्याप्ती परम्यापर्यंत ताणावी असा माझा आग्रह नाही. पण दारातून परत पाठवण्याची सवय एकच असते, आणि ती ज्याच्यासाठी कोणी भांडणार नाही अशा रुग्णापासून सुरू होते, हे मात्र ध्यानात घ्यावे.

दीर्घकालीन उपाय अर्थातच दुसरे दार उघडण्याचा आहे. मुंबईत 2022 पासून ‘आपला दवाखाना’ नावाने संध्याकाळी उशिरापर्यंत चालणारे महापालिकेचे दवाखाने निघाले. मजुराची वेळ ओळखून काढलेले हे दवाखाने. तेथे ही पाकिटे ठेवली, पाटीवर रोगाचे नाव लिहिले नाही, तर अपघात विभागावरचा भार आपोआप हलका होईल. 1954 च्या कायद्याने गुप्तरोगांच्या इलाजाच्या जाहिराती देशभर बंद केल्या आहेत. रेल्वेमार्गाच्या कडेच्या भिंती वाचत प्रवास करणाऱ्याला तो कायदा अस्तित्वात आहे हे पटवणे कठीण. त्या भिंती आधी पुसाव्यात आणि रंग वाया जाऊ नये असे वाटत असेल, तर जवळच्या संध्याकाळच्या दवाखान्याची वेळ त्यांवर लिहावी.

परंतु हे होईपर्यंत रात्रीच्या दाराचा हिशेब तरी सुरू व्हावा. आज परत पाठवलेल्या रुग्णाचा केसपेपर निघालेलाच नसतो; निघाला तर त्यावर ‘मूत्रदाह’ लिहिलेले असते. जे नोंदले जात नाही त्याची मागणी होत नाही, मागणी नाही म्हणून तरतूद नाही, आणि औषध मागवण्याच्या यादीत अपघात विभागासमोर या पाकिटांचा रकानाच नसतो. तो रकाना घालण्यास मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या सहीने ते होऊ शकते, आणि सुरक्षा क्लिनिकच्या कपाटाची एक जादा किल्ली रात्रपाळीच्या परिचारिकेच्या टेबलात ठेवली तर पुढच्या मागणीपत्रकापर्यंतही थांबावे लागणार नाही.